बार्ड (भूमिकाखेळातील पात्र)

बार्ड हा कल्पनारम्य भूमिकाखेळांमधील (रोल-प्लेइंग गेममधील) एक पात्रवर्ग आहे. योद्धा तलवारीने, जादूगार मंत्राने आणि चोर हातचलाखीने जे साधतो, ते बार्ड गाणे, वादन, कथन व वाक्चातुर्य यांच्या बळावर साधतो. त्याच्या बहुतेक शक्ती स्वतःसाठी नसून सोबत्यांसाठी असतात. त्याच्या गाण्याने सोबत्यांचा नेम अधिक अचूक होतो, त्यांचे भय ओसरते, जखमा भरतात किंवा चाल वाढते. शत्रूंना मात्र झोप येते, त्यांची दिशाभूल होते किंवा ते आपसांत भांडू लागतात. कागद, पेन्सिल व फासे घेऊन टेबलाभोवती खेळल्या जाणाऱ्या खेळांत १९७६ साली हे पात्र प्रथम अवतरले. तेथून ते संगणकावरील खेळांत आणि पुढे हजारो खेळाडू एकाच वेळी वावरतात अशा ऑनलाइन खेळांत गेले. मराठी वाचकाला या पात्राची कल्पना येण्यासाठी सर्वांत जवळचा शब्द ‘शाहीर’ हा आहे. मात्र दोहोंत महत्त्वाचे फरकही आहेत.

संज्ञा

‘बार्ड’ हा शब्द केल्टिक भाषाकुलातील असून वेल्श, आयरिश व स्कॉटिश गेलिक या भाषांत त्याची रूपे आढळतात. सरदाराच्या आश्रयाने राहून त्याची वंशावळ मुखोद्गत ठेवणे, त्याच्या पराक्रमाची कवने रचणे आणि ती मेजवानीत म्हणून दाखवणे हे बार्डचे काम असे. प्राचीन आयर्लंडमध्ये कवींची श्रेणी ठरलेली होती. ‘फिली’ या विद्वान कवीचा दर्जा बार्डपेक्षा वरचा होता आणि श्रेणीच्या शिखरावर ‘ओलाव’ हा पंडितकवी असे. या कवींच्या स्तुतीइतकाच, किंबहुना अधिक, दबदबा त्यांच्या निंदेचा होता. कवीने रचलेल्या निंदाकाव्यामुळे कृपण यजमानाच्या चेहऱ्यावर फोड उठतात, अशी समजूत होती. शब्दाने शरीराला इजा होते ही कल्पना पुढे खेळाच्या नियमांत जशीच्या तशी उतरली. स्कँडिनेव्हियातील ‘स्काल्ड’, ग्रीसमधील ‘आओइदोस’, पश्चिम आफ्रिकेतील ‘ग्रिओ’ आणि राजस्थान-गुजरातेतील चारण ही याच कुळातील माणसे होत.

मराठीत प्रतिशब्द निवडताना थोडी अडचण येते. ‘भाट’ हा शब्द अर्थाने जवळचा असला तरी ‘भाटगिरी’ या शब्दामुळे त्याला खुशामतीचा वास चिकटला आहे. ‘चारण’ हा मराठी लोकजीवनात रुळलेला नाही. ‘गोंधळी’ कथा सांगतो, संबळ वाजवतो. पण त्याचे गायन कुलदेवतेच्या विधीशी बांधलेले आहे. उरतो ‘शाहीर’. हा शब्द ‘कवी’ या अर्थाच्या अरबी ‘शाइर’वरून आला असून त्यात वीररस, लोकसमुदाय आणि उघडे मैदान या तिन्ही गोष्टी येतात. प्रस्तुत लेखात खेळातील पात्राला ‘बार्ड’ आणि महाराष्ट्रातील प्रत्यक्ष परंपरेला ‘शाहीर’ म्हटले आहे, म्हणजे तुलना करताना घोटाळा होणार नाही.

उगम

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आधुनिक भूमिकाखेळांचा तो मूळपुरुष मानला जातो. एक खेळाडू सूत्रधार होतो व प्रसंग वर्णन करतो. इतर खेळाडू एकेक पात्र घेऊन आपण काय करतो ते सांगतात. अनिश्चित गोष्टींचा निकाल फासे देतात. मूळ खेळात बार्ड नव्हता. फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात डग श्वेगमन यांनी तो सुचवला. स्काल्ड, केल्टिक बार्ड आणि दक्षिण युरोपातील फिरता गायक अशा तीन निरनिराळ्या माणसांचे हे मिश्रण आहे, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. बार्ड थोडे लढतो, थोडी जादू करतो, थोडी चोरी जाणतो आणि कशातच पारंगत नसतो, अशी जी तक्रार पुढे कायम होत राहिली तिचे मूळ या मिश्रणात आहे.

१९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये बार्ड परिशिष्टात ठेवण्यात आला आणि त्याच्या वाटेवर विलक्षण अटी घालण्यात आल्या. खेळाडूने प्रथम योद्धा म्हणून काही पायऱ्या चढायच्या, मग तो मार्ग सोडून चोर व्हायचे, आणि तेही सोडल्यावर ड्रुइड या वनपुरोहितांकडे शिकून अखेर बार्ड व्हायचे. शिवाय बळ, शहाणपण, चपळाई व प्रभाव हे चार गुण किमान १५ हवेत. तीन फासे टाकून १५ किंवा अधिक येण्याची शक्यता २१६ पैकी २० एवढीच असते. चारही गुणांत ती साधण्याची शक्यता काढली, तर साधारण साडेतेरा हजारांत एक असा हिशेब येतो. गुण ठरवण्याच्या अधिक उदार पद्धती उपलब्ध होत्या, तरीही नियमाप्रमाणे घडलेला बार्ड ही दुर्मीळच गोष्ट राहिली. बार्डच्या विद्यापीठांना दिलेली नावे मात्र आयरिश कवींच्या श्रेणींवरून घेतलेली होती. त्यांतील एका विद्यापीठाचे नाव ‘ओलाव’ हेच होते.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या अटी गेल्या आणि बार्ड चोरांच्या गटात बसला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला मुख्य पात्रवर्गांत स्थान मिळाले व ‘बार्डचे संगीत’ हा स्वतंत्र नियम आला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीच्या पहिल्या पुस्तकातून तो वगळला गेला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या पुस्तकात परतला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तो प्रथमच पूर्ण क्षमतेचा मंत्रधारक झाला. परिशिष्टातून मुख्य प्रवाहात येण्यासाठी त्याला ३६ वर्षे लागली.

ऑनलाइन खेळांत

संगणकावरील खेळांत या पात्राला पहिली मोठी प्रसिद्धी १९८५ च्या ‘द बार्ड्स टेल’ने मिळवून दिली. त्यातील बार्ड गाणी म्हणे व त्याचा परिणाम साऱ्या टोळीवर होई. परंतु काही गाण्यांनंतर त्याचा घसा कोरडा पडे आणि मद्यगृहात जाऊन तो ओला करावा लागे. तो खेळ एकट्याने खेळायचा होता. अनेकांनी मिळून खेळायच्या जगाचा आरंभ मात्र त्याआधीच, १९७८ साली, इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला होता. रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी तेथे केवळ मजकुरावर चालणारा ‘मड’ हा खेळ घडवला. चित्र नाही, आवाज नाही, सारे काही टंकलेल्या शब्दांत. अशा जगात शब्दप्रभू पात्राला आपोआप महत्त्व येते. पुढे बार्टल यांनी १९९६ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात खेळाडूंचे चार प्रकार मांडले: यश मिळवणारे, शोध घेणारे, माणसे जोडणारे आणि इतरांना नामोहरम करणारे. बार्ड निवडणारे खेळाडू बहुधा तिसऱ्या प्रकारात मोडतात.

१९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये वाद्यकौशल्यावर आधारलेल्या काही विद्या होत्या. एकीने चवताळलेला प्राणी शांत होई, तर दुसरीने दोन राक्षस एकमेकांवर तुटून पडत. स्वतः शस्त्र न उचलता शत्रूकडूनच शत्रूचा काटा काढण्याचा हा मार्ग दुबळ्या शरीराच्या पात्राला फार उपयोगी पडे.

मार्च १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने बार्डला खऱ्या अर्थाने कष्टाचे पात्र केले. येथे प्रत्येक गाणे सुरू करण्यास सुमारे तीन सेकंद लागत आणि ते थांबवल्यावरही त्याचा परिणाम थोडा काळ टिके. कुशल खेळाडूंनी यातून एक युक्ती काढली. एक गाणे सुरू करायचे, त्याचा परिणाम लागू होताच ते तोडून दुसरे धरायचे, मग तिसरे, आणि पहिल्याचा प्रभाव विरण्याच्या आत पुन्हा पहिल्याकडे यायचे. खेळाडू याला गाणी ‘पिळणे’ म्हणत. दोरीचे पदर पिळावेत तशी तीन-चार गाणी एकाच वेळी चालू राहत. तासन् तास चालणाऱ्या मोहिमेत दर तीन सेकंदांनी बोटे हलवीत राहणे हा शारीरिक श्रमच होता. नंतर हे काम आपोआप करणारी आज्ञा खेळात आली, तेव्हा हाताने गाणी पिळणाऱ्या जुन्या खेळाडूंना आपले कसब स्वस्त झाल्यासारखे वाटले, यात नवल नाही.

२००१ च्या ‘डार्क एज ऑफ कॅमेलॉट’मध्ये तीन राज्ये परस्परांशी झुंजत. त्यांतील ब्रिटनच्या राज्याला फिरता गायक, नॉर्स राज्याला स्काल्ड आणि आयरिश राज्याला बार्ड मिळाला. श्वेगमन यांनी एकत्र केलेली तीन माणसे येथे पुन्हा वेगळी झाली.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ (एप्रिल २००७) या खेळाचा विचार थोडा विस्ताराने करायला हवा. गाण्याने जखम कशी भरेल, हा प्रश्न बहुतेक खेळ जादूवर सोपवून मोकळे होतात. या खेळाने मोजण्याची वस्तूच बदलली. पात्राजवळ असते ते ‘धैर्य’. घाव बसला की धैर्य खचते आणि ते संपले की पात्र मरत नाही, माघार घेते. म्हणून गायकाने धीर देणे हाच उपचार ठरतो आणि तो तर्काला धरून आहे. याच खेळात वाद्ये प्रत्यक्ष वाजवता येतात. कळफलकावर सूर छेडावेत किंवा अक्षरांत लिहिलेली स्वरलिपी खेळाला द्यावी. शेजारी उभ्या असलेल्या सर्वांना ते ऐकू येते. खेळाडूंनी वाद्यवृंद उभारले, तालमी घेतल्या, आणि २००९ पासून ‘वेदरटॉप’ या काल्पनिक टेकडीवर ‘वेदरस्टॉक’ नावाचा वार्षिक संगीतमहोत्सव भरू लागला. तेथे कोणी कोणाशी लढत नाही आणि गुणही मिळत नाहीत. ‘फायनल फँटसी १४’मध्येही बार्डला वाद्यवादनाची सोय आहे, तेथील बार्ड मूळचा धनुर्धर असतो, ही गंमत.

‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ (२००३) हा खेळ परीकथेचा नसून अंतराळकथेचा, तरी या विषयात त्याचे उदाहरण टाळता येत नाही. त्यात वादक व नर्तक हा स्वतंत्र व्यवसाय होता. लढून आलेल्या पात्राच्या मनावर झालेले आघात मद्यगृहात बसून कलाकाराचा कार्यक्रम पाहिल्यानेच भरून येत. कलावंताला श्रोते मिळावेत यासाठी नियमाने केलेली ही तजवीज होती. तिचा एक परिणाम चांगला झाला. अनोळखी माणसे एका जागी थांबू लागली, बोलू लागली. दुसरा तितकासा चांगला नव्हता. पुष्कळ खेळाडूंनी आपला कलाकार आपोआप वाजत राहील अशी सोय केली आणि स्वतः उठून गेले; श्रोत्यांपुढे वादक होता, पण वादकाच्या आत माणूस नव्हता.

पात्र चालवणे

बार्ड चालवणाऱ्या खेळाडूला पहिली गोष्ट शिकावी लागते ती ही, की त्याचे यश दुसऱ्याच्या नावावर जमा होते. पाचव्या आवृत्तीतील एक साधे उदाहरण घ्यावे. सोबतच्या योद्ध्याला राक्षसावर घाव घालण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा अधिक हवेत. त्याची शक्यता २० पैकी ६, म्हणजे ३० टक्के. बार्डने त्याला ‘स्फूर्ती’ दिली, तर योद्ध्याला सहा बाजूंचा आणखी एक फासा मिळतो व त्यावरील आकडा मूळ आकड्यात मिळवता येतो. शक्यता आता ४७.५ टक्के होते. घाव बसला तर टाळ्या योद्ध्याला. तो केवळ स्फूर्तीमुळे बसला होता हे बहुधा दोघांनाच ठाऊक असते. बार्ड अनुभवी होत जातो तसा स्फूर्तीचा फासाही आठ, दहा व बारा बाजूंचा होतो. याच आवृत्तीत ‘बोचरी टवाळी’ असा एक मंत्र आहे. शत्रूला शब्दांनी डिवचायचे. त्याच्या मनाला इजा होते आणि पुढचा घाव घालताना तो अडखळतो. चेहऱ्यावर फोड उठवणाऱ्या आयरिश कवींची ही दूरची आठवण.

दुसरी बाजू अभिनयाची. टेबलाभोवती बसलेला खेळाडू ‘माझा बार्ड गातो’ एवढे म्हणून फासा टाकू शकतो; गाणे खरोखर म्हणण्याची सक्ती नसते. ऑनलाइन जगात, विशेषतः जेथे पात्राच्या भूमिकेतच बोलण्याची प्रथा आहे तेथे, प्रेक्षक शब्दांची वाट पाहत असतात. टंकून सादर करावयाच्या कवनाचे शास्त्र काहीसे निराळे आहे. ओळ लहान हवी, कारण चॅटच्या चौकटीत एका वेळी थोडाच मजकूर मावतो व लांब ओळ मधेच तुटते. दोन ओळींमधील अंतर वाचणाऱ्याच्या वेगाने ठेवावे लागते; आधी लिहून ठेवलेले कवन एकदम ओतले, तर ते वाचले जात नाही. गायनाच्या मधे हालचालींचे वर्णन पेरावे लागते: बार्डने तंतू जुळवले, घोटभर पाणी घेतले, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे पाहून मान लववली. सर्वांत परिणामकारक कवन ते, ज्यात समोरच्या मंडळींचीच नावे येतात. काल गुहेत कोण घसरून पडले, कोणी कोणाला ओढून बाहेर काढले, हे आज मद्यगृहात गायले गेले की ऐकणारा मनाने त्या टोळीत सामील होतो. तयार गाणे कितीही सुरेख असले तरी त्याला ही जागा मिळत नाही.

शिष्टाचारही आहेत. लढाईची तयारी चालू असताना मैफल मांडू नये, चॅट गाण्याने भरून टाकू नये, दुसऱ्याच्या पात्राची फजिती त्याला चालेल असे कळल्याशिवाय गाऊ नये. दुसऱ्याच्या पात्राने काय केले ते सांगावे. त्याच्या मनात काय होते ते ठरवून टाकू नये. हा शेवटचा संकेत नवशिके वारंवार मोडतात.

बार्ड म्हणजे प्रत्येकाशी लाडीगोडी करणारा, उथळ, प्रसंग नसताना तुणतुणे वाजवणारा विदूषक, असे एक चित्र खेळाडूंच्या थट्टेत रूढ झाले आहे. २०२३ साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये बार्डसाठी खास संवाद आहेत आणि रस्त्यात वाजवून चार नाणी मिळवण्याची सोयही आहे. त्यामुळे हे पात्र पुष्कळ नव्या खेळाडूंपर्यंत पोहोचले. थट्टेतले चित्र मात्र त्याने पूर्णपणे पुसले गेले असे म्हणता येत नाही.

शाहिरी परंपरा आणि कात्रजचा घाट

बार्डचा मराठी समांतर शोधताना पुण्याच्या दक्षिण वेशीवरील कात्रजचे उदाहरण बोधप्रद ठरते. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी पुण्यातील लाल महालात तळ देऊन बसलेल्या शाहिस्तेखानावर छापा घातला. खानाची बोटे तुटली, तो वाचला. महाराज सिंहगडाकडे निसटले. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या कथेनुसार, पाठलागावर निघालेल्या मोगल फौजेला चकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना व झाडांना पलिते बांधून ठेवले होते. मराठे त्या दिशेने पळत आहेत असे समजून फौज घाटाकडे धावली आणि तिच्या हाती बैल लागले. फसवून भलत्याच वाटेला लावणे या अर्थाचा ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार या कथेवरून रूढ झाला.

या प्रसंगात बार्डची दोन कामे दिसतात. पहिले त्या रात्रीचे: थोडक्या माणसांनी प्रचंड सैन्य असल्याचा भास निर्माण करणे. भूमिकाखेळांतील बार्डच्या मंत्रांमध्ये अशाच प्रकाराचे, नसलेली वस्तू दाखवणारे आणि शत्रूला भलतीकडे ओढणारे मंत्र असतात. दुसरे काम नंतरचे: ती रात्र अशी सांगणे, की साडेतीनशे वर्षांनी इतिहास न वाचलेला मनुष्यही ती बोलताना वापरतो. खेळात ही दोन्ही कामे एकाच पात्राकडे असतात. प्रत्यक्षात ती वेगळ्या माणसांची होती. पलिते बांधणाऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी उरली नाहीत. कथा मात्र उरली.

शाहीर आणि बार्ड यांच्यातील पहिला फरक हाच होय. बार्ड लढाईच्या मध्यभागी उभा राहून गातो. शाहीर साधारणपणे लढाई झाल्यावर येतो, विचारपूस करतो, ऐकलेले जुळवतो आणि मग कवन रचतो. १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगावरील अज्ञानदासाचा (अग्निदास असेही नाव आढळते) पोवाडा आणि सिंहगडच्या लढाईवरील तुळशीदासाचा पोवाडा ही शिवकालाची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. पेशवाईत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर असे शाहीर झाले. त्यांच्याकडे पोवाड्याबरोबर लावणीही होती.

दुसरा फरक सादरीकरणाचा. पोवाडा एकट्याचा नसतो. शाहीर डफावर थाप देतो, साथीला तुणतुणे व झांज असते आणि मागे उभे असलेले झीलकरी ओळीचा शेवट उंच स्वरात उचलून धरतात. मधे गद्य निवेदन येते, पुन्हा चाल सुरू होते. म्हणजे खेळात एक बार्ड चौघांना बळ देतो, तर पोवाड्यात चौघे मिळून एका शाहिराचा आवाज मोठा करतात. मराठी खेळाडूंच्या टोळीला बार्डचे पात्र आपल्या मातीत रुजवायचे असेल, तर झीलकऱ्यांची ही कल्पना उपयोगी आहे: कवन एकाने टंकावे आणि पालुपद सर्वांनी मिळून द्यावे. टंकून सादर केलेल्या गाण्यात जो जिवंतपणा कमी पडतो तो यामुळे बराच भरून निघतो.

तिसरा फरक अधिक खोलवरचा आहे. खेळातील बार्डने गायलेले खोटे ठरले तरी कोणाचे काही बिघडत नाही. शाहिराच्या शब्दाला मात्र बाहेरच्या जगात परिणाम होता आणि किंमतही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला तो महाराजांकडे पाहण्याची निराळी दृष्टी मांडण्यासाठी. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. कामगारांच्या लढ्यांत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या शाहिरीने सभा भारून टाकल्या. येथे स्फूर्तीचा फासा नव्हता. होती ती मैदानात बसलेली माणसे, आणि ती घरी जाताना काय ठरवून जातात यावर शाहिराचे यश मोजले जाई.

‘शाहीर’ शब्दाचा विस्तार किती आहे, याचे एक उदाहरण पुन्हा कात्रजच्या परिसरात नेते. बाबासाहेब पुरंदरे (१९२२–२०२१) हे डफावर गाणारे शाहीर नव्हते. त्यांनी गद्यातून आणि व्याख्यानांतून शिवचरित्र सांगितले, १९८५ साली ‘जाणता राजा’ हे महानाट्य रंगमंचावर आणले, आणि लोक त्यांना ‘शिवशाहीर’ म्हणू लागले. त्यांच्या कल्पनेतील ‘शिवसृष्टी’ हा प्रकल्प कात्रजजवळच्या आंबेगाव बुद्रुक येथे उभा राहिला असून त्याच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२३ मध्ये झाले. पुरंदरे यांच्या इतिहासलेखनावर महाराष्ट्रात तीव्र मतभेद झाले आणि ते आजही आहेत. कथा सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन असते तेथे असे वाद होणारच; खेळातील मद्यगृहात ते उद्भवत नाहीत, यावरूनही दोन्हींमधील अंतर लक्षात यावे.

जतनाचा प्रश्न

पोवाडे प्रथम तोंडी होते. गोंधळी व शाहीर यांच्या घराण्यांत ते पिढ्यान् पिढ्या पाठ केले जात आणि म्हणणाऱ्याबरोबर जातही. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते मिळवून १८९१ साली संग्रहरूपाने छापले. ॲकवर्थ यांनी त्यांतील काहींचे इंग्रजी अनुवाद १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे य. न. केळकर यांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’ हा संग्रह टिपणांसह संपादित केला. आज विद्यार्थ्याला अज्ञानदास वाचता येतो तो अशा संग्राहकांमुळे.

ऑनलाइन बार्डांच्या रचनांना असा संग्राहक लाभलेला दिसत नाही. चॅटमध्ये टंकलेले कवन पडद्यावरून सरकते आणि कोणी मुद्दाम नोंद ठेवली नसेल तर नाहीसे होते. खेळाच्या चालकांकडे ते असले तरी वाचकांसाठी नसते. खेळ बंद पडला की तो रंगमंचच उरत नाही. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झाला. चाहत्यांनी त्याची यंत्रणा नव्याने घडवून खासगी सर्व्हरांवर तो पुन्हा चालू केला. मद्यगृहे, वाद्ये आणि नाचाच्या तऱ्हा तेथे जशाच्या तशा आहेत. आठ वर्षांत त्या मद्यगृहांतून जे बोलले व गायले गेले ते मात्र अशा पुनर्रचनेतून परत मिळत नाही. काही खेळाडूंनी स्वतःच्या संगणकावर जपलेल्या नोंदी, चित्रफिती आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’च्या वादकांनी एकमेकांना दिलेल्या अक्षरलिपीतील स्वरांच्या फायली, एवढेच या कलेचे सध्याचे दप्तर आहे. स्वरांच्या फायली साध्या मजकुराच्या असल्यामुळे त्या खेळाबाहेरही वाचता व वाजवता येतात.